रायतूरला जाऊन आलो

पहिला दिवस : शुक्रवार, १ ऑगस्ट २०२५

गाडी वसई रोडला आली तेव्हा पाऊस आडवा येत होता आणि भाचा माझ्या छत्रीत अर्धा आणि बाहेर अर्धा उभा होता. पहाटेच्या मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, जाऊन तसाच स्टेशनवर आलेला. महिन्याचा पहिला शुक्रवार, चुकवायचा नाही. तेवीस वर्षांचा मुलगा, ऐरोलीला आयटी कंपनीत नोकरी, पगार माझ्या निवृत्तीच्या वेळच्या पगाराहून जास्त.

बहिणीचा फोन जूनमध्येच आला होता. "दादा, ह्याच्या डोक्यात फादर व्हायचं आलंय. तू जरा बोल." जरा बोल म्हणजे काय, ते आमच्या घरात सगळ्यांना कळतं.

शिवाजी जन्मावा, पण शेजारच्या घरात, असं म्हणतात. आम्हा वसईच्या ख्रिस्ती लोकांचं फादरांच्या बाबतीत तसंच आहे. गावात कुणाची गुरुदीक्षा असली की मांडव पडतो, बँड लागतो, पहिल्या मिस्साला अख्खं गाव जेवतं. नव्या फादरच्या तळहातांना पवित्र तेल लावलेलं असतं, त्या हातांचं चुंबन घ्यायला रांग लागते. त्या रांगेत माझी बहीणही डोळे पुसत उभी राहिलेली आहे. पण आता प्रश्न तिच्या एकुलत्या एका मुलाचा होता, आणि त्याच्या बापाने राखलेल्या केळीच्या वाडीचा.

मला माझं वेगळंच निमित्त होतं. एकतीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं आणि दर वर्षी फादर स्टीफन्स एका तासात उरकला. इंग्रज माणूस, मराठीत ओवीबद्ध ख्रिस्तपुराण, मराठीची थोरवी, पुढचा धडा. ते पुराण जिथे छापलं गेलं ते रायतूर, म्हणजे गोव्यातलं आजचं राशोल, मी कधी पाहिलंच नव्हतं. तिथे चारशे वर्षांची सेमिनरी, म्हणजे फादर घडवण्याची शाळा, आहे. म्हटलं, चल माझ्याबरोबर. बहिणीला वाटलं मी त्याला समजवायला नेतोय. भाच्यालाही तेच वाटलं. मी दोघांनाही काही बोललो नाही.

बांद्र्याहून वसईमार्गे थेट मडगावला जाणारी ही गाडी गेल्या वर्षी गणपतीच्या तोंडावर सुरू झाली, आठवड्यातून दोनदा. मालाड-बोरिवलीचे गोवेकर आणि आम्ही वसईकर, दोघांचीही सोय झाली. फक्त कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक चालू असलं की गाडी बैलगाडीच्या नात्यातली होते.

पनवेल सुटल्यावर भाच्याने मोबाइलवरची बातमी दाखवली. पोप लिओ यांनी कार्डिनल न्यूमन यांना 'डॉक्टर ऑफ द चर्च' ही पदवी द्यायचं नक्की केलं होतं. आदल्याच दिवशी जाहीर झालेलं. मी विचारलं, "कसले डॉक्टर?" त्याने नीट सांगितलं : ज्यांची शिकवण अख्ख्या चर्चला उपयोगी पडली असे संत, आतापर्यंत सदतीस, हे अडतिसावे. ऑक्सफर्डचा अँग्लिकन पाद्री, १८४५ साली कॅथलिक झाला, पुढे कार्डिनल. त्यांनी घेतलेलं बोधवाक्य होतं, हृदय हृदयाशी बोलतं. "कुठल्या भाषेत?" मी विचारलं. तो म्हणाला, "लॅटिनमध्ये लिहिलंय, मामा." मी विचारलं ते हे नव्हतं, पण सोडून दिलं.

रत्नागिरीच्या अलीकडे करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा लागतो. रेंज गेली तशी त्याने मान वर केली.

"मामा, विचारा ना. सगळे विचारतात तेच."

"काय विचारतात?"

"की चर्चमधल्या लहान मुलांवरच्या अत्याचारांच्या बातम्या वाचूनसुद्धा तुला तिथेच जायचंय का?"

मला तेच विचारायचं होतं. तो म्हणाला, "वाचल्यात. म्हणून तर चांगली माणसं गेली पाहिजेत ना?"

"तू चांगला माणूस आहेस हे तुला कुणी सांगितलं?"

तो हसला. मग हसायचा थांबला. बोगदा संपेपर्यंत कुणी काही बोललं नाही. पलीकडे भातखाचरं इतकी हिरवी होती की डोळ्यांना टोचत होती.

मडगावला उतरायला मध्यरात्र झाली. लॉजच्या खोलीत छताचा एक कोपरा गळत होता. खाली बादली ठेवून झोपलो.

दुसरा दिवस : शनिवार

मडगावहून रायमार्गे राशोल सात-आठ किलोमीटर. रिक्षा एका जुन्या दगडी वेशीतून आत शिरते आणि शिरल्यावर कळतं की आपण किल्ल्यात आलो. किल्ला म्हणजे ती वेस आणि बुजत आलेला खंदक, बाकी पावसाने वाढलेलं गवत. आदिलशाहीचा हा किल्ला पुढे पोर्तुगीजांकडे आला. टेकडीवर सेमिनरीची पांढरी, लांबलचक इमारत, पाठीमागे झुआरी नदीचं गढूळ पात्र. १६१० मध्ये जेजुइट या धर्मसंघाच्या फादरांनी मडगावचं आपलं कॉलेज इथे हलवलं. १७५९ मध्ये पोर्तुगालने जेजुइटांना हाकलून दिल्यावर ती धर्मप्रांताची सेमिनरी झाली, ती आजतागायत.

आमच्या ओळखीच्या एका फादरांनी आधी फोन करून ठेवला होता म्हणून आत फिरायला मिळालं. बरोबर एक सेमिनरीयन दिला होता, ईशज्ञानाच्या, म्हणजे थिऑलॉजीच्या दुसऱ्या वर्षाचा. जाड भिंती, मधे चौक, कमानींच्या ओवऱ्या. मला वाटलं होतं इथे कसली तरी गंभीर शांतता असेल. ओवरीत पहिलं दिसलं काय, तर दोरीवर वाळत घातलेले शर्ट, बनियन आणि दोन पांढरे झगे. चार दिवस ऊन नाही, त्यामुळे सगळ्याला तो पावसाळ्यातला कुबट वास. एका झग्याच्या बाहीला शाईचा निळा डाग होता, कुणीतरी लिंबू चोळून तो आणखी पसरवून ठेवलेला. भाचा त्या डागाकडे बराच वेळ बघत होता. मोबाइलवर धर्मप्रवचनं ऐकून माणसाला जे वाटत असतं त्यात हा डाग नसतो.

छापखाना कुठे होता त्याची खूण मी शोधत होतो. तसं दाखवण्यासारखं काही उरलेलं नाही. पण याच टेकडीवर १६१६ मध्ये ख्रिस्तपुराण छापलं गेलं. पुढे १६४९ आणि १६५४ मध्ये पुन्हा. त्या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज सापडत नाही. पुराण टिकलं ते हस्तलिखितांतून. देवनागरीचे खिळे नव्हते म्हणून मराठी ओव्या रोमन लिपीत छापाव्या लागल्या. फादर स्टीफन्स १५७९ साली गोव्यात उतरला आणि चाळीस वर्षांनी गोव्यातच वारला. गोव्यातल्या या सासष्टी तालुक्याच्या खेड्यांत हिंडला, लोकांची कोंकणी शिकला, तिचं व्याकरण लिहिलं. ते त्याच्या मागे, १६४० मध्ये, इथेच छापलं गेलं. आणि घरी भावाला लिहिलेल्या पत्रात नोंदवून ठेवलं की इकडच्या भाषांची घडण ग्रीक-लॅटिनसारखी आहे. भाषाशास्त्र नावाचं शास्त्र जन्मायच्या दोनशे वर्षं आधी.

पण हा माणूस नुसता भाषेचा हौशी नव्हता, आणि इथे मला वर्गात कधी न सांगितलेलं सांगायला हवं. सासष्टीतली देवळं १५६७ मध्ये पाडली गेली, आणि पाडणारा होता याच रायतूरच्या किल्ल्याचा कॅप्टन. जुन्या पोथ्या वाचायला बंदी झाली. ज्यांचा धर्म बदलला त्यांची संध्याकाळ रिकामी झाली. कानाला ओवीची सवय, आणि ओवी तर हिरावून घेतलेली. पुराणाच्या आरंभीच एक ब्राह्मण नवख्रिस्ती विचारतो की आमची पुराणं तुम्ही बंद केलीत, मग दुसरं काही द्याल की नाही? स्टीफन्सने दिलं ते सुमारे अकरा हजार ओव्यांचं. बोली कोंकणी, पण ग्रंथाची भाषा मराठी, कारण इथल्या लोकांच्या कानात पोथी म्हणजे मराठी असंच बसलेलं होतं. वैकुंठ, मुक्ती, परमेश्वर असे शब्द त्याने बेधडक उचलले. चर्चमध्ये ते रविवारी वाचलं जायचं. पुढे १६८४ मध्ये हुकूम निघाला की तीन वर्षांत सगळ्यांनी पोर्तुगीज शिकावं आणि इथली भाषा सोडावी. ज्या सरकारच्या आश्रयाने पुराण छापलं, त्याच सरकारने त्याची भाषा तोडली. हे एका तासात, पाच गुणांसाठी, कसं शिकवणार?

चर्चमध्ये गेलो. वेदीवर सोनेरी कोरीवकाम, आणि बाजूच्या भिंतीला उंचावर प्रवचनाचा लाकडी मंच. सेमिनरीयनने बोट केलं. फादर अग्नेल इथल्या मुलांचे आध्यात्मिक मार्गदर्शक होते. १९ नोव्हेंबर १९२७ रोजी प्रवचन करताकरता कोसळले आणि दुसऱ्या दिवशी गेले. फादर अग्नेल म्हटलं की मुंबईकराला बांद्र्याचं आणि वाशीचं इंजिनिअरिंग कॉलेज आठवतं. ज्याच्या नावाने आपण प्रवेशाची यादी बघतो तो माणूस बोलता बोलता कोसळला, हे भाच्याला नवीन होतं. त्याची स्वतःची वाशीची ॲडमिशन दोन टक्क्यांनी हुकलेली.

नंतर तिथल्या एका वयस्क प्राध्यापक फादरांकडे बसलो. चहा, बिस्किटं. भाच्याने आपल्या इंजिनिअरी पद्धतीने किती वर्षं, काय काय, असं विचारलं. दोन वर्षं तरी तत्त्वज्ञान, चार वर्षं ईशज्ञान, ही चर्चच्या कायद्याने ठरलेली कमीत कमी मुदत. त्याच्या आधी तयारीचं वर्ष, मधे कुठे तरी प्रत्यक्ष काम. म्हणजे आठ-दहा वर्षं धरा. पंचवीस पुरी झाल्याशिवाय दीक्षा नाही. मी विचारलं, "आणि माणूस नीट आहे की नाही, हे कोण बघतं?" बोगद्यातला प्रश्न होता तो. फादर रागावले नाहीत. म्हणाले, पूर्वी आम्ही पाठांतर बघायचो, भक्ती बघायची, आणि तिथे चुकलो. २०१६ चे रोमचे नवे नियम माणूस म्हणून घडणं हा पाया मानतात. मानसशास्त्रज्ञ असतात, मैत्री कशी करतो, एकटेपणा कसा काढतो, पैशाला आणि रागाला कसा आहे, ते बघतात. कुणी चुकला तर तक्रार कुठे करायची याची व्यवस्था २०१९ पासून प्रत्येक धर्मप्रांताला सक्तीची आहे. "पण यंत्रणेने माणूस सुधारत नाही हो," असं ते कप खाली ठेवत म्हणाले. "यंत्रणेने लपवणं तेवढं अवघड होतं."

भाच्याने मग आपला खरा प्रश्न काढला. बाप्तिस्म्याने प्रत्येक श्रद्धावंत ख्रिस्ताच्या याजकपदात भागीदार होतो, असं दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या बिशपांच्या सभेने, सांगितलंय. मग फादर वेगळा कशाने? उत्तर लांब झालं, मला सगळं कळलं असं नाही. एक ध्यानात राहिलं. दीक्षित याजक बाकीच्यांच्या वरच्या पायरीवर नसतो. सगळ्यांनी आपापलं जगणं देवाला वाहायचं असतं. ते त्यांना वाहता यावं म्हणून भाकर हातात धरून ख्रिस्ताचे शब्द उच्चारणारा तो असतो. ते शब्द त्याचे स्वतःचे नसतात, म्हणून तो नालायक निघाला तरी संस्कार खोटा ठरत नाही. आणि म्हणूनच त्याने स्वतःला मोठं समजायचं कारण नाही. मला आमच्या गावातली लग्नं आठवली. फादरांसाठी निराळी खुर्ची, निराळं ताट, त्यांचं झाल्याशिवाय पंगत नाही. चांगल्याचांगल्या पोरांना आम्हीच त्या खुर्चीवर बसवून बिघडवतो.

निघताना मी विचारलं, वाङ्मय शिकवता का? फादर हसले. पोप फ्रान्सिस यांनी जुलै २०२४ मध्ये एक पत्र लिहिलं, धर्मगुरूंच्या घडणीत कथा-कवितांना जागा हवी म्हणून. तरुणपणी ते स्वतः अर्जेंटिनात शाळेतल्या मुलांना वाङ्मय शिकवत. त्या पत्रानंतर आठच दिवसांनी आमचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो गेले. बायबल सुबोध मराठीत आणणारे, उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. ख्रिस्ती धर्मगुरू अध्यक्ष कसा, म्हणून आरडाओरडा झाला होता तेव्हा. फादर स्टीफन्सला चारशे वर्षं झाली, हे त्या ओरडणाऱ्यांच्या पाठ्यपुस्तकातही होतं.

जेवणाची घंटा झाली. ओवरीत आमसुलाच्या कढीचा वास. मासेमारीची बंदी परवाच उठलेली, त्यामुळे नुस्तं, म्हणजे मासे, ताजं होतं, असं सेमिनरीयन अभिमानाने म्हणाला. आम्हाला बसायचा आग्रह झाला. शीत-कडी म्हणजे भात-कालवण, तळलेले बांगडे, आणि भांडी ज्याची त्याने घासायची. भाच्याने माझीही घासली.

दुपारी पाऊस थांबला तेव्हा वेशीजवळच्या दगडावर बसलो. मी ख्रिस्तपुराणातल्या मराठीच्या स्तुतीच्या ओव्यांची झेरॉक्स पिशवीतून काढली आणि त्याच्या हातात दिली. हा मुलगा बालवाडीपासून इंग्रजी माध्यमाचा. घरी आमची सामवेदी बोली बोलतो, मराठी ओळीखाली बोट ठेवून वाचतो. मोगरीला अडला, कस्तुरी पार केली, पक्ष्यांमधल्या मोरावर थांबून विचारलं, "हा 'मयोरु' म्हणजे मोरच ना?" चार ओव्यांना दहा मिनिटं लागली. पण शेवटच्या ओवीला काय झालं कोण जाणे, तो वाचायचा थांबला आणि म्हणू लागला. ओवीला चाल असते, ती आपोआप लागते. आजी जात्यावर म्हणायची त्या चालीत त्याने ती म्हटली. आजी गेली तेव्हा हा सहा वर्षांचा होता.

मी म्हटलं, "फादर झालास तर प्रवचन कुठल्या भाषेत करणार?"

"आमच्याकडे तरुण लोक इंग्लिश मिस्साला येतात, मामा."

"आणि तुझी आई?"

तो झेरॉक्सची घडी घालत राहिला.

रात्री बहिणीचा फोन. पाऊस किती, छत्री नेली का, त्याला सर्दी आहे का? सेमिनरीचं नाव नाही. मध्यरात्री जाग आली तर भाचा कानात बोंडं घालून मोबाइलवर बघत होता. रोमला तरुणांच्या ज्युबिलीची, म्हणजे चर्चच्या मेळाव्याची, जागरण-प्रार्थना, तोर व्हेर्गाता मैदानावर लाखो पोरं. त्यांच्यातले तिघे पोपना प्रश्न विचारत होते. "मामा, बघा," तो कुजबुजला, "स्पॅनिशला स्पॅनिशमध्ये, इटालियनला इटालियनमध्ये, इंग्लिशला इंग्लिशमध्ये उत्तर देतायत." मी म्हटलं, "झोप आता." पण बरं वाटलं.

तिसरा दिवस : रविवार

बाणावलीच्या टेकडीवरच्या सेंट जॉन बाप्टिस्ट चर्चमध्ये सकाळची मीस. मिस्साच, पण कोंकणीतली. पाऊण कळली, पाव सोडून दिली. शुभवर्तमान लूकचं, मोठी कोठारं बांधायला निघालेल्या श्रीमंत शेतकऱ्याचं. त्याच रात्री त्याचा जीव मागितला जातो. प्रवचन करणाऱ्या फादरांनी कोठार फार वेळ बायबलमध्ये ठेवलं नाही. पाच मिनिटांत ते भाटात म्हणजे माडांच्या बागेत, शेतात, डोंगर कापून उभ्या राहणाऱ्या बंगल्यांत आले. जमीन विकून गाडी घेतली, पोरगं परदेशी गेलं, आता घरात दिवा लावायला कोण? पुढच्या बाकावरची एक म्हातारी मान डोलावत होती, मागच्या बाकांवर चुळबुळ. मला वसई दिसली. बिल्डरला दिलेल्या वाड्या, आणि 'हरित वसई' म्हणत रस्त्यावर उतरलेले दिब्रिटो. भाच्याने नंतर विचारलं, "फादरांनी हे बोलावं का? हे राजकारण नाही?" मी म्हटलं, ज्याची जमीन जाते त्याला विचार.

संत जोसेफ वाझ यांचा बाप्तिस्मा याच चर्चमध्ये झाला. जन्म १६५१, बाणावली हे त्यांचं आजोळ. मामाच्या गावाला जन्मलेला माणूस पुढे संत झाला, हे मी भाच्याला मुद्दाम दोनदा सांगितलं. त्या काळी गोव्यातल्या स्थानिक धर्मगुरूला युरोपीय धर्मसंघ सहसा आत घेत नसत. चाकरीचं काम त्याचं, अधिकाराचं त्यांचं. वाझ आणि त्यांच्या सोबत्यांनी जुन्या गोव्यात आपलाच संघ उभा केला. त्याचं कौतुक करताना हेही सांगायला हवं की त्या संघातसुद्धा जात दाराशी उभी राहिलीच.

श्रीलंकेत तेव्हा डच आलेले. कॅथलिक धर्मगुरूंना बंदी. १६८७ मध्ये वाझ मजुराच्या वेशात तिकडे उतरले. अनवाणी, भीक मागत, गळ्यात जपमाळ घालून कोण ओळख देतो ते बघत. कँडीच्या राजाने हेर समजून कैदेत टाकलं. पुढे देवीची साथ आली तेव्हा त्यांनी रोग्यांची सेवा केली आणि त्याच राजाचा विश्वास मिळवला. तमिळ शिकले, सिंहली शिकले. त्यांच्या मागे गेलेले दिवाडी बेटावरचे फादर जाकोम गोन्साल्विस तर सिंहली ख्रिस्ती वाङ्मयाचे जनक मानले जातात. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मध्ये कोलंबोला जाऊन वाझ यांना संत घोषित केलं.

दुपारी सांकवाळला गेलो, वाझ यांच्या वडिलांच्या गावी. जुन्या चर्चचा फक्त दर्शनी भाग उभा आहे, मागे काही नाही; दारातून पलीकडे आभाळ दिसतं. वाझ यांनी १६७७ मध्ये, ५ ऑगस्टला, 'मी मरियेचा गुलाम' असं पत्र लिहून दिलं ते याच गावात. आम्ही दोन दिवस आधीच पोचलो होतो. भाचा त्या नुसत्या दारातून आत गेला, पलीकडे पावसात उभा राहिला, परत आला. चिंब. बहिणीला फोनवर सांगितलं नाही.

चौथा दिवस : सोमवार

जुनं गोवं लवकर उरकलं, खरं सांगतो. बाँ जेझूच्या बॅसिलिकात सेंट फ्रान्सिस झेवियरच्या शवाची चांदीची पेटी उंच संगमरवरी चौथऱ्यावर आहे. गेल्या वर्षी नोव्हेंबरपासून जानेवारीपर्यंत शवदर्शन होतं तेव्हा लोटलेली गर्दी आज नव्हती. शाळेच्या सहली, रेनकोट, ओल्या चपला. झेवियर १५४२ मध्ये गोव्यात आला आणि रस्त्यांतून घंटा वाजवत पोरांना बोलवत हिंडला. तमिळनाडूतल्या मोत्यांच्या किनाऱ्यावर तमिळ प्रार्थना दुभाष्यांकडून करवून घेऊन पाठ केल्या. भाषा त्याला जमली नाही, पण तोंडाने तीच म्हटली. आणि याच माणसाने पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहून इन्क्विझिशन, म्हणजे धर्मद्रोह शोधून शिक्षा देणारं चर्चचं कोर्ट, मागवलं, ते १५६० मध्ये आलं आणि १८१२ पर्यंत राहिलं. ही दोन्ही कामं एकाच माणसाची, असं मी भाच्याला म्हटलं. तो म्हणाला, "मामा, संत म्हणजे चूक न करणारा, असं मला कुणी शिकवलंच नाही." हे उत्तर त्याने कुठे वाचलं असेल, असं मनात आलं. मग वाटलं, असूदे.

तिथून पिलार. टेकडीवर १६१३ मधला मठ, आणि फादर अग्नेल यांची समाधी. राशोलहून त्यांचे अवशेष १९३९ मध्ये इथे आणले. गुरुवारी इथे उभं राहायला जागा नसते म्हणतात. सोमवारी दोन नर्सेस, एक ट्रकड्रायव्हर आणि आम्ही. ट्रकड्रायव्हर कपाळ समाधीला टेकून मोठ्याने बोलत होता, शेजाऱ्याशी बोलावं तसं, कन्नडमध्ये.

४ ऑगस्ट म्हणजे सेंट जॉन व्हियानीचा सण, धर्मग्रामाच्या, म्हणजे गावोगावच्या चर्चच्या, फादरांचा आश्रयदाता संत. संध्याकाळच्या मिस्सात त्यांची गोष्ट सांगितली. फ्रान्समधला शेतकऱ्याचा मुलगा, लॅटिन डोक्यात जाईना, सेमिनरीतून काढून टाकलेला. कसाबसा दीक्षित झाला, आणि आर्स नावाच्या दोन-अडीचशे वस्तीच्या खेड्यात पाठवला गेला. तिथे तो लोकांचं पापनिवेदन ऐकत बसला. शेवटी शेवटी दिवसाचे सोळा सोळा तास, आणि ऐकवायला अख्ख्या फ्रान्समधून माणसं.

मी भाच्याच्या कानात म्हटलं, "भाषेत कच्च्यांनाही आशा आहे."

तो उठला. मला वाटलं रागावला. मागच्या बाजूला एक फादर पापनिवेदनाला बसले होते, तिथे जाऊन गुडघे टेकले. वीस मिनिटं. मी जपमाळेचे मणी मोजत राहिलो, मधेच विसरलो, पुन्हा पहिल्यापासून धरलं. आल्यावर म्हणाला, "फादर विचारत होते, कोंकणी की इंग्लिश? मी मराठीत केलं."

"कळलं त्यांना?"

"सावंतवाडीचे होते."

पाचवा दिवस : मंगळवार

सकाळची गाडी. दिवसभर पाऊस, झोप, कणकवलीला वडापाव. भाच्याने ख्रिस्तपुराणाची झेरॉक्स परत मागून घेतली आणि खिडकीशी ठेवली; ओली झाली. वसईला पोचलो तेव्हा रात्र, रिक्षावाला नेहमीप्रमाणे दुप्पट मागत होता.

बहीण ओट्यावर उभी होती. पोराचे पाय पुसायला टॉवेल दिला, मला पाणी दिलं. माझ्याकडे एकदाच बघितलं. मी मान हलवली, कशी हलवली ते मलाही नीट सांगता येणार नाही. ताटं वाढली. वालाचं बिरडं होतं. भाचा दुसऱ्यांदा भात घेत होता तेव्हा तिने पाठमोरीच विचारलं, "तिथं पोरांना जेवायला काय देतात?"

"शीत-कडी," तो म्हणाला. "पण आई, मी गेलो तर गोव्याला नाही जाणार. गोरेगावच्या सेमिनरीत जाईन."

ती बिरड्याचं भांडं घेऊन वळली.

"मग गोरेगावला काय देतात?"

त्याने माझ्याकडे बघितलं. गोरेगावला काय देतात ते आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं.